लाकडी पृष्ठभागावरील फरशीकाम : पूर्वसिद्धतेची तत्त्वे

स्वयंपाकघर व स्नानगृह यांच्या जमिनीवर फरशी बसविणे हे गवंड्याचे काम समजले जाते, आणि म्हणूनच विद्यापीठीय अभ्यासक्रमात त्याला सहसा स्थान मिळत नाही. फरशीखाली काँक्रीटची भरीव लादी असेल तर या उपेक्षेने फारसे बिघडत नाही. परंतु फरशीखाली लाकूड असेल तर प्रश्नाचे स्वरूप पालटते. ज्यांना सहजासहजी एकत्र नांदता येत नाही असे दोन पदार्थ तेथे एकमेकांना जखडले जातात, आणि त्यांच्यातील विसंवाद कधी महिन्यात तर कधी दहा वर्षांत तड्यांच्या रूपाने प्रकट होतो. हा विसंवाद कोठे उत्पन्न होतो व फरशी बसविण्यापूर्वीच तो कसा मिटविता येतो, याचे विवेचन करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न मुख्यतः जेथे घरेच लाकडी सांगाड्याची बांधली जातात अशा प्रदेशांत, म्हणजे उत्तर अमेरिकेत व उत्तर युरोपच्या काही भागांत, नित्याचा आहे. त्यासंबंधीचे नियम, कसोट्या व साधने प्राधान्याने तिकडेच विकसित झाली. आपल्याकडे त्याचा संबंध येतो तो जुन्या वाड्यांच्या माड्या, मुंबईतील लाकडी चौकटीच्या चाळी आणि कोकण-गोव्यातील जुनी घरे यांच्या संदर्भात. अशा इमारतींच्या दुरुस्तीचे व जतनाचे काम आज वाढत्या प्रमाणावर स्थापत्याच्या पदवीधरांकडे येत आहे, आणि ‘लाकडी माडीवर नवी टाइल बसवून द्या’ ही त्यातील एक वारंवार होणारी मागणी आहे. तेव्हा तिकडचा अनुभव तत्त्वरूपाने समजून घेऊन येथील कडीपाटाच्या संदर्भात तो पडताळून पाहणे उपयुक्त ठरेल.

१. दोन पदार्थांचे दोन स्वभाव

लाकूड हा आर्द्रताग्राही पदार्थ आहे. भोवतालच्या हवेतील बाष्पानुसार ते पाणी घेते व सोडते, आणि त्याप्रमाणे फुगते व आकसते. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असता लाकडाचा समतोल जलांश सुमारे १२ टक्के असतो. तीच आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की हा जलांश १८ टक्क्यांच्या आसपास पोहोचतो. पेशीभित्तिका पाण्याने पूर्ण भरतात तो तंतुसंपृक्ती बिंदू २८ ते ३० टक्क्यांच्या दरम्यान येतो. त्याच्या वरील पाणी पेशींच्या पोकळ्यांत साठते व त्यामुळे आकारमानात फरक पडत नाही. सर्व हालचाल या बिंदूच्या खाली घडते.

ही हालचाल सर्व दिशांनी सारखी नसते, ही गोष्ट येथे विशेष महत्त्वाची होय. ओल्या अवस्थेपासून पूर्ण शुष्कतेपर्यंत सागाचे आकुंचन त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के, तर वार्षिक वलयांना स्पर्श करणाऱ्या दिशेने सुमारे ५.८ टक्के होते. अमेरिकेतील बांधकामात सर्रास वापरल्या जाणाऱ्या डग्लस फरच्या बाबतीत हेच आकडे सुमारे ४.८ व ७.६ आहेत. तंतूंच्या दिशेने मात्र हे आकुंचन ०.१ ते ०.२ टक्के इतके अल्प असते. साग ‘स्थिर’ लाकूड म्हणून का वाखाणला जातो, ते या आकड्यांवरून ध्यानात येईल. परंतु त्याची स्थिरता सापेक्ष आहे हेही त्यावरूनच दिसते. २०० मि.मी. रुंदीची, स्पर्शरेषेत कापलेली सागाची फळी घेतली आणि तिचा जलांश १२ वरून १८ टक्के झाला असे मानले, तर तिची रुंदी सुमारे २.३ मि.मी.ने वाढेल. अशा दहा फळ्या शेजारी शेजारी घट्ट बसविलेल्या असल्या तर दोन मीटर रुंदीत ही वाढ २३ मि.मी. भरेल. प्रत्यक्षात फळ्यांमधील फटी तीतील बराच भाग सामावून घेतात. फळ्यांचे लाकूड दरवर्षी पूर्ण समतोलापर्यंत पोहोचतेच असेही नाही. तथापि हालचालीची जात कोणती आहे हे या हिशेबावरून स्पष्ट होते.

याउलट भाजलेली फरशी जवळजवळ अचल असते. व्हिट्रिफाइड टाइलचे जलशोषण अर्ध्या टक्क्याहून अधिक नसते, त्यामुळे आर्द्रतेने तिचे आकारमान बदलण्याचा प्रश्न उद्भवत नाही. उष्णतेने होणारे तिचे प्रसरणही दर अंश सेल्सियसला दशलक्षांश ६ ते ७ भाग एवढेच असते. शिवाय ती दाबाखाली अतिशय मजबूत, परंतु ताणाखाली व वाकविताना ठिसूळ असते. लाकूड भाराखाली वाकते व भार काढताच पूर्ववत होते. टाइलला हा लवचिकपणा नाही. म्हणून लाकडाची हालचाल टाइलपर्यंत जशीच्या तशी पोहोचली, तर दोहोंमधील मसाल्याच्या थरात कर्तन प्रतिबल निर्माण होते व तीन परिणामांपैकी एक घडतो: मसाल्याची पकड सुटते, सांधे फुटतात किंवा टाइलला तडा जातो.

२. बाक आणि त्याची मर्यादा

आर्द्रतेची हालचाल आडव्या दिशेने होते. भाराने होणारी हालचाल उभ्या दिशेने होते. या दुसऱ्या हालचालीचा विचार पूर्वसिद्धतेत प्रथम करावयास हवा, कारण ती मर्यादेबाहेर असेल तर वरच्या थरांचा कोणताही उपाय तिला पुरा पडत नाही.

सिरॅमिक टाइलसाठी चल भाराखाली कडीचा बाक तिच्या गाळ्याच्या १/३६० हून अधिक असू नये, हा अमेरिकेतील प्रचलित दंडक आहे. नैसर्गिक दगडाच्या फरशीसाठी ही मर्यादा निम्म्यावर, म्हणजे १/७२० वर, आणली जाते. कारण दगडात नैसर्गिक शिरा व कमकुवत प्रतले असतात. ३.६ मीटर गाळ्यासाठी पहिली मर्यादा १० मि.मी. आणि दुसरी ५ मि.मी. ठरते.

दोन उदाहरणे घेऊ. दोहोंत गाळा ३.६ मीटर, राहत्या घरासाठी भारतीय मानकातील चल भार दर चौ. मीटरला २ किलोन्यूटन, आणि सागाचा स्थितिस्थापकता गुणांक दर चौ. मि.मी.ला १०,००० न्यूटन धरला आहे. पहिल्या उदाहरणात ७५ × २०० मि.मी. छेदाच्या कड्या ४५० मि.मी. अंतरावर आहेत. साध्या आधारावरील समान भाराच्या सूत्राने बाक सुमारे ३.९ मि.मी. येतो; सिरॅमिक व दगड या दोन्ही मर्यादांच्या आत तो बसतो. दुसऱ्या उदाहरणात ६० × १५० मि.मी. छेदाच्या कड्या ६०० मि.मी. अंतरावर आहेत. येथे बाक सुमारे १५.५ मि.मी. निघतो. म्हणजे ही जमीन पडण्याचा धोका नसेलही, परंतु ती टाइल वाहण्यास अपात्र आहे. सामर्थ्य आणि ताठपणा हे दोन भिन्न गुण आहेत, हा पाठ्यपुस्तकातील भेद येथे प्रत्यक्षात उतरलेला दिसतो.

उपाय सूत्रातच सूचित झालेला आहे. बाक गाळ्याच्या चौथ्या घाताच्या समप्रमाणात आणि कडीच्या उंचीच्या तिसऱ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्यामुळे दुसऱ्या उदाहरणात कड्यांखाली मधोमध आडवी तुळई देऊन गाळा निम्मा केला, तर प्रत्येक गाळ्यातील बाक १/१६ वर, म्हणजे एक मि.मी.च्या आसपास, येतो. ते शक्य नसेल तर प्रत्येक कडीच्या बाजूस तिच्याच उंचीची दुसरी कडी बोल्टांनी जोडता येते. कड्यांच्या मध्ये आडवे ठोकळे बसविल्याने भार शेजारच्या कड्यांवर वाटला जातो. वरून जाड पाट टाकून ही उणीव भरून निघेल अशी समजूत पुष्कळदा आढळते. वरचा पाट दोन कड्यांमधील फळीचा बाक कमी करतो. कडीच्या स्वतःच्या बाकावर त्याचा परिणाम अल्प असतो.

दोन कड्यांमधील या दुय्यम बाकाचाही विचार आवश्यक आहे. फळी अनेक कड्यांवरून अखंड गेलेली असते. ती कड्यांच्या मध्ये खाली वाकते, त्या वेळी कडीच्या माथ्यावर तिला उलट बाक येतो आणि तिच्या वरच्या पृष्ठावर ताण उत्पन्न होतो. टाइल ताण सोसू शकत नसल्यामुळे नेमका तेथे, कडीच्या डोक्यावर, तडा जातो.

याखेरीज लाकडाचे विसर्पण लक्षात घ्यावे लागते. कायम भाराखाली लाकूड वर्षानुवर्षे हळूहळू अधिक वाकत जाते व अखेरीस मूळ बाकाच्या सुमारे दुप्पट बाक होऊ शकतो. ५० मि.मी. जाडीचा सिमेंटचा थर म्हणजे दर चौ. मीटरला सुमारे एक किलोन्यूटन, अर्थात हिशेबात धरलेल्या चल भाराच्या निम्मा भार, कायमचा माथी मारणे होय. जुन्या जमिनीवर प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी नवा थर चढविण्याची जी पद्धत पडली आहे, तिचे हे परिणाम हिशेब केल्यावाचून दिसत नाहीत.

३. जाड थराकडून पातळ थराकडे

जुन्या कारागिरांनी हा विसंवाद कसा हाताळला होता, हे पाहणे उद्बोधक आहे. आपल्याकडील कडीपाटाच्या माडीत कड्यांवर फळ्या, फळ्यांवर मातीचा किंवा चुन्याच्या कोब्याचा जाड थर आणि त्यावर शहाबादी फरशी, अशी रचना आढळते. अमेरिकेतील लाकडी घरांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फळ्यांवर डांबरी कागद अंथरून त्यावर तारेची जाळी व सिमेंटच्या मसाल्याचा ३० ते ५० मि.मी. जाडीचा थर देत, आणि त्या थरावर टाइल बसवीत. दोन्ही रचनांत एक साम्य आहे. फरशी लाकडाला चिकटलेली नाही. ती स्वतःच्या जड थराला चिकटलेली आहे, आणि तो थर लाकडावर केवळ टेकलेला आहे. डांबरी कागद किंवा माती यांमुळे दोहोंत अल्पशी सरक शक्य होते. खालची फळी फुगली वा आकसली तरी वरचा थर आपल्या जागी राहतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही रचना बदलली. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन टाइल कौन्सिलच्या प्रयोगशाळेत पुढील दशकात सेल्युलोजजन्य पदार्थ मिसळलेला सिमेंटचा मसाला सिद्ध करण्यात आला. हा पदार्थ मसाल्यातील पाणी धरून ठेवतो, त्यामुळे काही मि.मी. जाडीचा थरही वाळून न जाता नीट घट्ट होतो. १९५६ मध्ये हेन्री रॉथबर्ग या रसायन-अभियंत्याने ‘लॅटिक्रीट’ ही संस्था काढून लॅटेक्समिश्रित मसाला बाजारात आणला. त्याने पकड व लवचिकपणा या दोन्ही गुणांत भर पडली. भार कमी झाला, वेळ वाचला व जमिनीची उंची वाढेनाशी झाली. परंतु त्याबरोबर जाड थराने न बोलता बजावलेली दोन कामेही नाहीशी झाली. खालचा उंचसखलपणा झाकणे हे एक, आणि लाकडाची हालचाल फरशीपासून दूर ठेवणे हे दुसरे. आज ज्याला आपण पूर्वसिद्धता म्हणतो, ती वस्तुतः या दोन कामांची अन्य साधनांनी केलेली भरपाई आहे. प्रस्तुत लेखातील मुख्य प्रतिपादन हेच होय. यापुढील प्रत्येक कृतीचे प्रयोजन या एका सूत्राने उलगडते.

भरपाईची साधने प्रामुख्याने तीन आहेत. पहिले साधन प्लायवूड. त्यातील एकाआड एक पापुद्र्यांचे तंतू परस्परांना काटकोनात असल्याने प्रत्येक पापुद्रा शेजारच्याची हालचाल रोखतो. शुष्कतेपासून संपृक्ततेपर्यंतच्या संपूर्ण पल्ल्यातही त्याचे लांबी-रुंदीतील प्रसरण अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहते. फळीच्या आडव्या हालचालीशी याची तुलना करून पाहावी. दुसरे साधन काचतंतूंच्या जाळीने बळकट केलेला सिमेंटचा तक्ता. तो पाण्याने फुगत वा कुजत नाही आणि मसाल्याला उत्तम पकड देतो. मात्र तो जमिनीला ताठपणा जवळजवळ देत नाही, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते. तिसरे साधन विलगक पटल. जर्मनीतील टाइल-कारागीर वेर्नर श्ल्यूटर याने १९८७ मध्ये प्रचारात आणलेले पॉलिएथिलीनचे पटल हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. सुमारे ३ मि.मी. जाडीच्या या पटलावर चौकोनी खळगे असतात व खालच्या अंगास लोकरीसारखे अस्तर असते. अस्तर खालच्या मसाल्यात रुतते, वरचा मसाला खळग्यांत अडकतो, आणि दोहोंमधील पातळ प्लास्टिक आडव्या हालचालीला वाव देते. डांबरी कागदाचे व मातीचे काम येथे तीन मि.मी.त आणले गेले आहे. उभ्या हालचालीवर मात्र याचाही उपाय चालत नाही. बाक मर्यादेत नसेल तर पटल घालूनही फरशी फुटेल.

या सर्व रचनांची परीक्षा करण्यासाठी रॉबिन्सन यांच्या नावाने ओळखले जाणारे यंत्र वापरतात. अमेरिकन मानक ‘सी ६२७’ त्यावर आधारलेले आहे. तयार जमिनीच्या नमुन्यावर तीन चाके वर्तुळाकार फिरविली जातात. टप्प्याटप्प्याने भार वाढविला जातो, आणि प्रथम मऊ रबराची, मग कठीण रबराची व शेवटी पोलादाची चाके लावली जातात. नमुना कोणत्या टप्प्यावर निकामी होतो त्यावरून ती रचना घरगुती वापरास योग्य की अधिक वर्दळीच्या जागेस, हे ठरते. या कसोटीत संपूर्ण रचना तपासली जाते, एकटी टाइल नव्हे, हे तिचे वैशिष्ट्य अभ्यासकांनी ध्यानात ठेवावे.

४. पूर्वसिद्धतेचा क्रम

प्रत्यक्ष कामाचा क्रम खालून वर असा असावा.

प्रथम कड्यांची तपासणी. भिंतीत गेलेली कडीची टोके, मोरीखालील भाग आणि नळ-निचऱ्याच्या वाटा या ठिकाणी टोचणीने लाकूड दाबून पाहावे; टोचणी सहज आत गेली तर कूज किंवा वाळवी संभवते. जलांशमापकाने वाचन घ्यावे व ते ऋतूसह नोंदवावे. कुजलेला भाग काढून नवे लाकूड जोडल्याखेरीज पुढे जाऊ नये. त्यानंतर वर वर्णन केल्याप्रमाणे बाकाचा हिशेब करावा व आवश्यक तो आधार द्यावा.

दुसरी पायरी जुन्या फळ्यांची. खिळे कालांतराने सैल होतात आणि फळी कडीवर वरखाली होऊ लागते. पाऊल टाकताच करकर आवाज येतो तो याचाच. अशी प्रत्येक फळी स्क्रूने कडीला पुन्हा आवळावी. वाकलेल्या फळ्यांचे उंचवटे रंध्याने काढावेत. जुन्या फळ्यांवर थेट टाइल लावणे कोणत्याही परिस्थितीत योग्य नाही, कारण प्रत्येक फळी स्वतंत्रपणे हलते व प्रत्येक फट वरच्या टाइलवर उमटते.

तिसरी पायरी प्लायवूडची. ते उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या गोंदाचे असावे. स्नानगृहासाठी भारतीय मानक ७१० खालील मरीन प्लायवूड अधिक भरवशाचे. भुशाचे तक्ते व एमडीएफ ओल लागताच फुगतात, म्हणून ते सर्वथा वर्ज्य. तक्त्याच्या दर्शनी पापुद्र्याचे तंतू कड्यांना काटकोनात येतील असे तो मांडावा, म्हणजे कड्यांमधील गाळ्यात त्याचा पुरा ताठपणा उपयोगी पडतो. फळ्यांवर किमान १२ ते १५ मि.मी. जाडीचा तक्ता घ्यावा. तक्त्यांमध्ये सुमारे ३ मि.मी. व भिंतीलगत सुमारे ६ मि.मी. फट ठेवावी. चार तक्त्यांचे कोपरे एका ठिकाणी येऊ देऊ नयेत. या वरच्या तक्त्याचे स्क्रू खालच्या फळीतच थांबावेत, कडीत जाऊ नयेत. अन्यथा कडीच्या हालचालीला टाइलपर्यंतची सरळ वाट मिळते. नव्या तक्त्यांना काही दिवस त्याच खोलीत उभे ठेवून तेथील हवेशी समतोल होऊ द्यावे.

चौथी पायरी समतलतेची. तीन मीटर लांबीची सरळ पट्टी चारी दिशांनी फिरवून पाहावी. लहान टाइलसाठी तिच्याखाली ६ मि.मी.पर्यंतची दरी चालते, ३८० मि.मी.हून लांब बाजू असलेल्या टाइलसाठी ३ मि.मी.हून अधिक चालत नाही. टाइल जितकी मोठी तितकी जमीन अधिक सपाट हवी. हल्ली पसंतीस उतरलेल्या मोठ्या व्हिट्रिफाइड टाइल जुन्या माडीवर का फसतात, याचे एक कारण येथे सापडते. ही दुरुस्ती या पायरीवरच संपवावी. टाइलखालचा मसाला कमीजास्त जाड करून ती साधण्याचा प्रयत्न केल्यास जाड थर अधिक आकसतो व टाइल पोकळ राहते.

पाचवी पायरी विलगक थराची. सिमेंटचा तक्ता घेतल्यास तो प्लायवूडवर नुसता स्क्रूने न ठोकता प्रथम दातेरी करणीने मसाला पसरून त्यावर दाबावा. हा मसाला तक्त्याखालील पोकळ्या भरण्यासाठी असतो. पोकळीवरील तक्ता पावलागणिक दबतो व काही काळाने तुटतो. स्क्रू सुमारे २०० मि.मी. अंतरावर घ्यावेत. तक्त्यांचे सांधे खालच्या प्लायवूडच्या सांध्यांवर येऊ देऊ नयेत. ते अल्कलीला टिकणाऱ्या काचतंतूच्या पट्टीने व मसाल्याने बांधावेत. पटल घेतल्यास धूळ, मेण, तेल व जुना रंग पूर्णपणे काढून ते उत्पादकाने सांगितलेल्या मसाल्यातच बसवावे. कोरडे लाकूड मसाल्यातील पाणी झपाट्याने शोषते, म्हणून पृष्ठभागास शिफारस केलेले अस्तर द्यावे किंवा तो ओलसर फडक्याने पुसून घ्यावा. मात्र त्यावर पाणी साचू देऊ नये.

शेवटी टाइल. कोरड्या जागी टाइलच्या पाठीचा किमान ८० टक्के व ओल्या जागी ९५ टक्के भाग मसाल्याने भरलेला असावा, हा दंडक आहे. मधूनच एक टाइल उचलून पाहणे हीच त्याची खरी परीक्षा. भिंतीलगतची ६ मि.मी. फट मसाल्याने कधीही भरू नये; तेथे सिलिकोनसारखा लवचिक पदार्थ भरावा.

लाकडी चौकटीच्या भिंतींनाही हीच तत्त्वे लागू पडतात. फरक एवढाच की तेथे बाकाचा प्रश्न सौम्य व पाण्याचा प्रश्न तीव्र असतो. कागदी आवरणाचा जिप्समचा तक्ता अंघोळीच्या जागी लावू नये.

५. पाणी

टाइल पाणी अडविते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. टाइल अडविते हे खरे. सांधे अडवीत नाहीत. सिमेंटच्या सांध्यांतून पाणी सावकाश झिरपते, आणि सिमेंटचा तक्ता स्वतः पाण्याने खराब होत नसला तरी ते आरपार जाऊ देतो. म्हणून स्नानगृहात टाइलच्या लगेच खाली जलरोधक थर आवश्यक आहे. तो भिंतीवर काही उंचीपर्यंत अखंड चढविलेला असावा आणि निचऱ्याच्या भांड्याशी घट्ट जोडलेला असावा. उतार ५० ला १ पेक्षा कमी नसावा, आणि तो लाकडाच्या पातळीतच द्यावा, जेणेकरून जलरोधक थरावरचे पाणीही निचऱ्याकडे वाहील. टाइल लावण्यापूर्वी निचरा बंद करून २४ तास थोडे पाणी साठवून पाहावे. दर ५० मि.मी. पाण्याचा भार चौ. मीटरला ५० किलो असतो, हे जुन्या माडीवर ही परीक्षा घेताना विसरू नये.

लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला भरपूर ओल लागते. जलांश २० टक्क्यांखाली राहिल्यास लाकूड कुजत नाही, हा सर्वमान्य संकेत आहे. यावरून एक व्यावहारिक नियम निघतो. वरून पाणी अडवावे, पण खालून हवा मोकळी ठेवावी. कड्यांच्या खालच्या अंगाला प्लास्टिकचे वा अन्य अभेद्य छत ठोकले, तर वरून चुकून आत शिरलेल्या ओलाव्यास बाहेर पडण्यास वाट राहत नाही, आणि दुरुस्तीच कुजण्याचे कारण ठरते.

६. तड्यांचे वाचन

जमीन आधीच फुटलेली असेल तर तिचे निरीक्षण हा उत्तम अभ्यास आहे. तडे एका रेषेत, समान अंतरावर व कड्यांना समांतर असतील तर फळीचा उलट बाक हे कारण समजावे. तडे फळीच्या किंवा तक्त्याच्या सांध्यावरून गेले असतील तर विलगक थर नाही किंवा सांध्यांची जुळणी चुकली आहे. खोलीच्या मध्यभागी सांध्यांतील मसाला भुगा होऊन निघत असेल तर कड्यांचा बाक अधिक आहे. टाइल अखंड सुटून येते व तिची पाठ स्वच्छ दिसते, तेव्हा मसाला वाळल्यावर ती बसविली गेली असावी. मसाला टाइललाच चिकटून वर येतो व खाली लाकूड उघडे पडते, तेव्हा पृष्ठभागावर धूळ वा तेल होते असे समजावे. आणि मधल्या टाइल तंबूसारख्या वर उचलल्या असतील तर भिंतीलगत फट ठेवलेली नाही. टाइल फुटली म्हणून टाइलच बदलणे म्हणजे लक्षणावर औषध देणे होय. तडा त्याच रेषेत परत येतो.

७. आपल्याकडील जुन्या इमारती

मुंबईच्या जुन्या चाळींत खोलीच्या कोपऱ्यातील मोरी हे असे ठिकाण आहे, की जेथे या लेखातील सर्व प्रश्न एकत्र येतात. लाकडी कड्या, त्यांवर कोबा, त्यावर शहाबादी, आणि दररोजचे पाणी. कोब्याला एकदा भेग पडली की पाणी कडीच्या भिंतीतील टोकाशी जमते. तेथे ना हवा लागते ना नजर पोहोचते. वर नवी, चकचकीत टाइल बसविली की भेग दिसेनाशी होते आणि कूज चालूच राहते. मुंबई शहरातील जुन्या इमारतींची अवस्था इतकी गंभीर झाली की १९६९ मध्ये कायदा करून त्यांच्या दुरुस्तीसाठी व पुनर्रचनेसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद करावी लागली, आणि त्यासाठी इमारतींवर उपकर बसविण्यात आला. कोसळलेल्या इमारतींची कारणे अनेक असतात. परंतु पाण्याने टोके कुजलेल्या कड्या हे त्यांतील एक परिचित कारण आहे. मोरीची टाइल बदलणे हा म्हणूनच केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही. खालच्या मजल्यावर निजणाऱ्या माणसांच्या सुरक्षिततेशी त्याचा साक्षात संबंध आहे.

वाड्यांच्या बाबतीत आणखी एक विचार करावा लागतो. मातीचा व चुन्याचा थर काढून त्याजागी पातळ आधुनिक रचना केली तर भार घटतो, हा लाभ उघड आहे. परंतु तो थर आवाज व उष्णता रोखत होता, आणि त्याच्या सच्छिद्रपणामुळे लाकूड श्वास घेत होते. तो काढावयाचा तर ही कामे कोण करील, याचे उत्तर आधी सिद्ध असले पाहिजे. जेथे मूळ जमीन सुस्थितीत आहे तेथे ती तशीच राखून स्नानगृह तळमजल्यावर हलविणे हाच पुष्कळदा शहाणपणाचा मार्ग ठरतो.

अभ्यासकांसाठी येथे एक मोकळे क्षेत्रही आहे. कोकण, देश व विदर्भ यांच्या हवामानात मोठे अंतर आहे. एकाच जातीच्या कड्यांचा जलांश या तीन प्रदेशांत वर्षभर मोजणे, मोरीजवळील कडीची व खोलीच्या मध्यातील कडीची तुलना करणे, जुन्या माड्यांचा प्रत्यक्ष बाक भार ठेवून नोंदणे ही कामे साध्या उपकरणांनी होण्याजोगी आहेत. परदेशी दंडक डोळे झाकून स्वीकारण्यापेक्षा आपल्या लाकडाची, आपल्या पावसाची व आपल्या कारागिरीची मापे हाती असणे केव्हाही श्रेयस्कर.

सारांश, फरशी टिकते ती तिच्या खालच्या कामावर. जुन्या गवंड्याने जाडीच्या बळावर जे साधले, ते आज पातळ थरात साधावयाचे तर प्रत्येक थराचे काम ओळखून तो घालावा लागतो: ताठपणासाठी कडी, स्थैर्यासाठी प्लायवूड, सरकेसाठी विलगक, पाण्यासाठी जलरोधक, आणि श्वासासाठी मोकळी खालची बाजू. यांपैकी एकही थर दुसऱ्याचे काम करीत नाही, एवढे भान ठेवले तर लाकडावरील फरशी काँक्रीटवरील फरशीइतकीच दीर्घकाळ टिकू शकते.